जपानीचे अध्यापन आणि संभाषणातील व्यवहारार्थ : मराठी भाषक अध्येत्यांच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

परकीय भाषेच्या वर्गात वारंवार घडू शकणाऱ्या एका प्रसंगापासून प्रारंभ करणे सोयीचे ठरेल. दोन-तीन वर्षे जपानी शिकलेला, परीक्षेत चांगले गुण मिळवलेला एक मराठी विद्यार्थी पाहुणे म्हणून आलेल्या जपानी प्राध्यापकांना आदराने विचारतो, 'सेन्सेइ, कोही गा नोमिताइ देसु का?' वाक्यात व्याकरणाची एकही चूक नाही. इच्छादर्शक रूप बरोबर आहे, शिष्ट रूप बरोबर आहे, संबोधनही बरोबर आहे. 'सर, कॉफी घेणार का?' हे मराठी वाक्य त्याच्या मनात होते आणि ते त्याने प्रामाणिकपणे जपानीत उतरवले. मात्र वडीलधाऱ्या व्यक्तीला तिच्या इच्छेविषयी असे थेट विचारणे जपानी संभाषणात सलगीचे आणि काहीसे आगाऊपणाचे ठरते. तेथे अपेक्षित वाक्य 'कोही वा इकागा देसु का' म्हणजे 'कॉफी कशी वाटते?' असे असते. त्यात इच्छेचा उल्लेखच नसतो.

हा विद्यार्थी कोठे चुकला, या प्रश्नाचे उत्तर व्याकरणाच्या पुस्तकात सापडत नाही. तो चुकला हे त्याला कोणी सांगतही नाही. जपानी भाषेच्या अध्यापनाची खरी अडचण येथे सुरू होते. प्रस्तुत लेखात संभाषणातील व्यवहारार्थाच्या दृष्टीने प्रचलित अध्यापनपद्धतीची, पाठ्यपुस्तकाच्या रचनेची आणि परीक्षापद्धतीची चिकित्सा केली आहे. मराठी भाषकाजवळ जपानी संभाषणाशी जुळणारी पुष्कळ सामग्री आधीपासूनच असते. मात्र ते साम्य जितके उपकारक तितकेच फसवे असते, म्हणून त्याचे जाणीवपूर्वक अध्यापन होणे आवश्यक आहे, हे या लेखाचे प्रमुख प्रतिपादन होय.

व्यवहारार्थविचाराची पार्श्वभूमी

प्रॅग्मॅटिक्स या ज्ञानशाखेसाठी येथे 'व्यवहारार्थविचार' ही संज्ञा योजली आहे. वाक्याचा कोशगत अर्थ आणि बोलणाऱ्याला त्या प्रसंगी अभिप्रेत असलेला अर्थ यांतील अंतर हा या शाखेचा विषय. जे. एल. ऑस्टिन यांचे 1962 मध्ये प्रसिद्ध झालेले विवेचन, जॉन सर्ल यांचा 1969 मधील भाषिक कृतींचा विचार आणि एच. पी. ग्राइस यांचा 1975 मधील संभाषणतर्कावरील निबंध हे तिचे आधुनिक आधारस्तंभ मानले जातात.

भारतीय वाचकाला ही कल्पना अपरिचित नाही. 'सूर्य मावळला' या एकाच वाक्याचा अर्थ गुराख्यासाठी वेगळा, संध्यावंदन करणाऱ्यासाठी वेगळा आणि अभिसारिकेसाठी वेगळा होतो, हे उदाहरण काव्यशास्त्रात प्रसिद्ध आहे. मम्मटाने काव्यप्रकाशात व्यंजनेची कारणे सांगताना बोलणारा कोण, ऐकणारा कोण, आवाजातील चढउतार कोणता, प्रसंग, स्थळ आणि काळ कोणता यांची गणना केली आहे. आजचा भाषावैज्ञानिक 'संदर्भ' या शब्दात ज्यांचा समावेश करतो, त्या घटकांपैकी बरेच या यादीत आहेत. फरक एवढाच की, ही चर्चा आपल्याकडे काव्याच्या आस्वादापुरती राहिली आणि भाषेच्या वर्गापर्यंत पोहोचली नाही.

अध्यापनाच्या दृष्टीने जेनी थॉमस यांनी 1983 मध्ये मांडलेला भेद विशेष उपयोगी आहे. परभाषकाच्या व्यवहारार्थातील अपयशाचे त्यांनी दोन प्रकार केले. पहिल्या प्रकारात एखाद्या भाषिक रूपाचे सामर्थ्य चुकीचे जोखले जाते. दुसऱ्या प्रकारात नात्याचे, दर्जाचे वा प्रसंगाचे आकलनच चुकते. त्यांचे एक निरीक्षण तर प्रत्येक भाषाशिक्षकाने लक्षात ठेवावे असे आहे. व्याकरणाची चूक झाली की ऐकणारा त्या व्यक्तीचे भाषाज्ञान कच्चे समजतो. व्यवहारार्थाची चूक झाली की तो त्या व्यक्तीचा स्वभावच वाईट समजतो. अध्येता जितका अस्खलित बोलतो तितका हा गैरसमज दृढ होतो, कारण इतके चांगले बोलणारा माणूस अजाणतेपणी उद्धट बोलत असेल, असे कोणाच्या मनात येत नाही.

पाठ्यपुस्तकाची रचना

भारतात व अन्यत्र मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या 'मिन्ना नो निहोंगो' या 1998 मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या पाठ्यपुस्तकाचा या संदर्भात विचार करता येईल. त्याच्या प्राथमिक पातळीचे दोन भाग मिळून 50 पाठ आहेत. मूळ पुस्तक संपूर्णपणे जपानीत असून भाषांतर व व्याकरणाच्या टिपा वेगळ्या पुस्तकात दिल्या आहेत. प्रत्येक पाठात वाक्यसाचे, उदाहरणे, संवाद आणि सराव असा क्रम असतो. रचनेची ही शिस्त हे पुस्तकाचे मोठे बळ आहे. मोठ्या वर्गात, मर्यादित तासिकांत, वेगवेगळ्या शिक्षकांच्या हाती ते तितक्याच विश्वासाने चालते, हे मान्य केले पाहिजे.

परंतु या शिस्तीची किंमतही आहे. पहिले 19 पाठ अध्येता केवळ 'देसु-मासु' या शिष्ट शैलीत बोलतो. साधी अनौपचारिक शैली 20व्या पाठात येते. एखाद्याने आपल्यासाठी काही केले हे सांगणारी उपकारदर्शक क्रियारूपे 24व्या पाठात, त्यांची आदरार्थी रूपे 41व्या पाठात, आणि आदरवाचक व विनम्र क्रियापदे अनुक्रमे 49व्या व 50व्या पाठात येतात. परस्परसंबंधांचे भान हे जपानी संभाषणाचे अधिष्ठान; पुस्तकात मात्र त्याला वेगवेगळ्या पाठांतील क्रियारूपांचे स्वरूप येते आणि त्याचा सर्वांत ठळक आविष्कार अगदी शेवटी भेटतो. परिणामी अध्येत्याच्या मनात एक घातक समज रुजतो. भाषा आधी आणि सौजन्य नंतर. सौजन्य म्हणजे तयार वाक्यावर चढवण्याचा मुलामा, असे त्याला वाटू लागते.

सर्वच पाठ्यपुस्तके अशी नाहीत. एलिनॉर जॉर्डन यांनी मारी नोदा यांच्या सहकार्याने लिहिलेल्या, 1987पासून प्रसिद्ध झालेल्या पुस्तकमालिकेत बोलल्या जाणाऱ्या भाषेला आणि नात्यांच्या भानाला प्रारंभापासून स्थान होते. जपान फाउंडेशनने 2010 मध्ये आपली अध्यापन-मानके जाहीर केली आणि 2013पासून 'मारुगोतो' ही पुस्तकमालिका आणली. तीत 'कृती' आणि 'आकलन' असे दोन स्वतंत्र भाग असून अध्येता काय करू शकतो याला प्राधान्य आहे. तथापि ही पुस्तके जगभरातील अध्येत्यांसाठी आहेत. मराठी भाषक नेमका कोठे अडखळेल, हे सांगण्याची अपेक्षा त्यांच्याकडून ठेवता येत नाही. ते काम येथील शिक्षकाचेच आहे.

साम्याचा आधार आणि साम्याचा सापळा

1. सर्वनामे : मराठीत 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' या तीन पायऱ्यांवर आदर उभा आहे. त्यामुळे मराठी अध्येता जपानीत प्रथम 'तुम्ही'चा प्रतिशब्द शोधतो आणि कोशात 'आनाता' हा शब्द मिळताच निश्चिंत होतो. जपानीत मात्र समोरच्या व्यक्तीसाठी सर्वनाम टाळणे हाच आदर असतो. शिक्षकाला 'सेन्सेइ', वरिष्ठाला त्याच्या पदाने, इतरांना आडनावापुढे 'सान' लावून संबोधले जाते. पुष्कळदा तेही गाळले जाते. मराठीतही 'सर येणार आहेत ना?' असा प्रश्न खुद्द सरांनाच विचारला जातो. 'आनाता'ला पर्याय म्हणून नवा शब्द शिकवण्याऐवजी मराठीतील ही सवय जागी केली तर अध्येता लवकर सावरतो.

2. देणे-घेणे : मराठीत 'आणून दिले', 'लिहून घेतले' अशी संयुक्त क्रियापदे विपुल आहेत. जपानीतील 'आगेरु', 'कुरेरु' आणि 'मोराउ' ही सहायक क्रियापदे त्यांच्याशी जुळतात आणि इंग्रजी भाषकाच्या तुलनेत मराठी भाषकाला ती लवकर उमगावीत. पण सापळाही येथेच आहे. मराठीत 'मी त्याला आणून दिले' आणि 'त्याने मला आणून दिले' या दोन्ही ठिकाणी 'देणे' एकच आहे. जपानीत आपल्याकडून बाहेर जाणारे देणे 'आगेरु' आणि बाहेरून आपल्याकडे येणारे देणे 'कुरेरु' असे वेगळे होते. दुसरे असे की, 'त्याच्याकडून काम करून घेतले' या मराठी वाक्यात घेणाऱ्याचा अधिकार वा चिकाटी ध्वनित होते. 'मोराउ'मध्ये बहुधा कृतज्ञता असते. 'करून घेतले' असे भाषांतर देऊन शिक्षक पुढे गेला तर अर्थ पोहोचतो आणि आभार वाटेतच गळून पडतात.

याच्या उलट बाजूही पाहण्याजोगी आहे. 'सर, मी पिशवी घेऊन देतो' हे मराठीत विनयाचे वाक्य होय. तेच 'मोत्ते आगेमासु' असे जपानीत म्हटल्यास वरिष्ठावर उपकार केल्याचा सूर उमटतो. तेथे 'ओमोचि शिमास्यो का' हे विनम्र रूप अपेक्षित असते. त्यात उपकाराचा उल्लेख नाही. तसेच 'मित्राने मला मदत केली' हे साधे विधान जपानीत 'तेत्सुदात्ते कुरेमाशिता' असे उपकारदर्शक रूपात यावे लागते. ते गाळले की वाक्य चुकत नाही, बोलणारा कृतघ्न वाटतो.

3. वाक्यान्ती येणारे निपात : जपानीतील 'ने' आणि 'यो' यांचे स्पष्टीकरण परदेशी पुस्तकांत पानेच्या पाने व्यापते. मराठी भाषकाला 'ना' आणि 'बरं का' हे दोन शब्द पुरेसे आधार देतात. 'आज उकडतंय ना!' यातील 'ना' आणि जपानी 'ने' दोघांच्या समान अनुभवाला साद घालतात. 'पुढचा रस्ता बंद आहे, बरं का' यातील सूचना 'यो'च्या जवळ जाते. आकिओ कामिओ यांनी मांडलेली 'माहितीचे क्षेत्र' ही संकल्पना, म्हणजे एखादी माहिती बोलणाऱ्याच्या अखत्यारीतील की ऐकणाऱ्याच्या, हा विचार या दोन मराठी शब्दांच्या साहाय्याने वर्गात सहज समजावता येतो. मात्र 'द्या ना!' यातील 'ना' आर्जवाचा आहे. तो जसाच्या तसा नेऊन 'कुदासाइ ने' म्हटले तर आर्जव नाहीसे होते आणि आठवण करून देण्याचा वा बजावण्याचा सूर येतो. शिक्षकांना उद्देशून वापरलेला 'यो'ही 'तुम्हाला हे ठाऊक नाही' असा ध्वनी उमटवू शकतो.

4. आतले आणि बाहेरचे : आदरार्थी रूपांबाबत मराठी भाषकाला सर्वांत मोठे वळण घ्यावे लागते ते येथे. मराठीत आदर सामान्यतः व्यक्तीशी जोडलेला असतो. वडिलांविषयी कोणाशीही बोलताना 'बाबा आले आहेत' असेच म्हटले जाते. कार्यालयप्रमुखाविषयी ग्राहकाला सांगतानाही 'साहेब जागेवर नाहीत' असेच सांगितले जाते. जपानीत हा आदर ऐकणारा कोण यावर ठरतो. बाहेरच्या व्यक्तीशी बोलताना आपला वरिष्ठही 'आतला' होतो. त्याच्या नावापुढचे 'सान' गळते आणि क्रियापद विनम्र होते : 'तानाका वा सेकि ओ हाझुशिते ओरिमासु'. आपल्या साहेबांचा असा एकेरी वाटणारा उल्लेख मराठी अध्येत्याच्या जिभेवर सहज येत नाही. त्याची ही अडचण अज्ञानातून आलेली नसून संस्कारातून आलेली आहे, हे शिक्षकाने ओळखले पाहिजे.

या ठिकाणीही मराठीचे एक वैशिष्ट्य मदतीला येऊ शकते. 'आम्ही' ऐकणाऱ्याला वगळते, 'आपण' त्याला सामावून घेते. 'आम्ही उद्या जाणार' आणि 'आपण उद्या जाणार' यांतील सीमारेषा मराठी मूल बालपणीच आत्मसात करते. ऐकणारा बदलला की 'आतल्यां'ची रेषा सरकते, हे 'उचि-सोतो'चे मूलतत्त्व त्याला या मार्गाने पटते. आदराची नवी कोष्टके पाठ करून घेण्यापूर्वी ही दोन सर्वनामे फळ्यावर लिहिणे अधिक फलदायी ठरेल.

5. नकार आणि अपूर्ण वाक्य : 'निचियोबि वा चोत्तो...' म्हणजे 'रविवारी जरा...' एवढे म्हणून थांबणे हा जपानीत पूर्ण नकार आहे. वाक्य अपूर्ण ठेवणे हीच येथे भाषिक कृती असते. वाक्य पूर्ण करण्याचे शिक्षण घेतलेल्या अध्येत्याला ही अपूर्णता चूक वाटते आणि तो 'इकिमासेन' (जाणार नाही) असे जोडून सौजन्य मोडतो. एल. बीब, टी. ताकाहाशी आणि आर. उलिस-वेल्त्झ यांच्या 1990 मधील अभ्यासाने नकाराचे घटक, त्यांचा क्रम आणि समोरच्याच्या दर्जानुसार होणारा बदल यांकडे लक्ष वेधले. जपानी भाषक इंग्रजीत नकार देतानाही आपल्या भाषेतील क्रम कसा नेतात, हे त्यातून दिसले. मराठीत 'बघतो', 'बघू या', 'जमवतो' या शब्दांनी नकार सूचित करण्याची रीत आहेच. 'केन्तो शिमासु' म्हणजे 'विचार करतो' या जपानी उत्तराचा अर्थ मराठी भाषकाने होकार असा घेण्याचे कारण नाही. तरीही तो घेतला जातो, कारण परकीय भाषेत ऐकलेला शब्द अध्येता कोशातील अर्थानेच ऐकतो आणि स्वभाषेतील शहाणपण वर्गाबाहेर ठेवतो.

6. हुंकार : ऐकणाऱ्याने मधूनमधून 'हाइ', 'एए', 'सो देसु ने' म्हणत राहणे याला जपानीत 'आइझुचि' म्हणतात. लोहाराच्या घणाला साथीदाराच्या घणाने द्यायची साथ हा त्या शब्दाचा मूळ अर्थ. मराठीत गोष्ट ऐकणाऱ्याने 'हुंकार' देणे जवळजवळ असेच आहे. नोबुको मिझुतानी यांनी जपानी संभाषणाला 'क्योवा', म्हणजे दोघांनी मिळून घडवलेले बोलणे असे म्हटले आहे. परंतु आपल्या वर्गसंस्कृतीत मोठ्यांचे बोलणे निमूट ऐकणे हा आदर असतो. त्यामुळे गोष्टीला हुंकार देणारा विद्यार्थी शिक्षकापुढे गप्प राहतो, आणि जपानी शिक्षकाला तो लक्ष देत नाही असे वाटू शकते. शिवाय 'हाइ' हा नेहमी होकार नसतो. 'ऐकतो आहे' एवढाच त्याचा अर्थ असू शकतो, हेही स्पष्टपणे सांगावे लागते.

परीक्षा आणि मूल्यमापन

जपानी भाषा-प्रवीणता परीक्षा 1984 मध्ये सुरू झाली आणि 2010 मध्ये तिची एन-1 ते एन-5 अशी पाच पातळ्यांत पुनर्रचना झाली. भाषाज्ञान, वाचन आणि श्रवण यांची ती पर्यायी प्रश्नांद्वारे परीक्षा घेते. बोलण्याची वा लिहिण्याची परीक्षा त्यात नाही. 2010च्या रचनेत ऐकलेल्या वाक्याला तत्काळ योग्य प्रतिसाद निवडण्याचे प्रश्न आले, खालच्या पातळ्यांवर चित्रातील प्रसंगाला साजेसे वाक्य निवडण्याचेही प्रश्न आले. व्यवहारार्थाच्या दिशेने हे स्वागतार्ह पाऊल होते. मात्र तीन-चार पर्यायांतून योग्य वाक्य ओळखणे आणि समोर माणूस उभा असताना ते सुचणे, यांत मोठे अंतर आहे.

महाराष्ट्रात, विशेषतः पुण्यात, जपानी शिकणाऱ्यांच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ शास्त्रीय नाही. नोकरीच्या जाहिरातीत पातळीचा उल्लेख असतो, म्हणून वर्ग पातळीसाठी चालतो. जे मोजले जाते तेच शिकवले जाते, हा शिक्षणव्यवस्थेचा जुना अनुभव आहे. प्रमाणपत्र घेऊन जपानी सहकाऱ्यांत उभा राहणारा तरुण आपल्या शब्दसंपत्तीने ओळखला जाईल अशी त्याची समजूत असते. प्रत्यक्षात तो आपल्या नकाराने, आभाराने आणि हुंकाराने ओळखला जातो. मागील भेटीतील आतिथ्याबद्दल पुढच्या भेटीत पुन्हा आभार मानण्याची जपानी रीत त्याला कोणी सांगितलेली नसते. एकदा आभार मानून तो मोकळा झालेला असतो, आणि समोरची व्यक्ती मनातल्या मनात नोंद घेते.

एक आवश्यक आक्षेप

व्यवहारार्थाच्या आग्रहाविरुद्ध एक गंभीर आक्षेप घेता येतो. 'जपानी माणूस असा बोलतो' या विधानांची यादी करून शिकवणे म्हणजे एका समाजाचे एकसाची चित्र अध्येत्याच्या गळी उतरवणे होय. जपानी भाषक वय, प्रदेश, व्यवसाय यांनुसार वेगवेगळे बोलतात. एकाच संभाषणात शिष्ट आणि साध्या शैलीत ये-जा करतात. शिवाय परकीयाने स्वतःचे व्यक्तिमत्त्व पुसून जपानी व्हावे, अशी अपेक्षा कोणत्या न्यायाने करावी?

सौजन्याच्या सिद्धान्तातही हा वाद आहे. पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेविन्सन यांनी सौजन्य ही व्यक्तीने योजलेली युक्ती मानली. योशिको मात्सुमोतो यांनी 1988 मध्ये आणि साचिको इदे यांनी 1989 मध्ये त्यावर आक्षेप घेतला. जपानीत सौजन्याचा बराचसा भाग निवडीचा नसून आपले स्थान ओळखून पाळायच्या संकेताचा आहे, असे इदे यांचे म्हणणे आहे; त्याला त्यांनी 'वाकिमाए' ही संज्ञा वापरली. परंतु हा संकेतही स्थिर नाही. 1952च्या सरकारी शिफारशीने आदरार्थी भाषा परस्परांविषयीच्या आदरावर आधारलेली असावी असे म्हटले. 2007च्या मार्गदर्शिकेने आदरार्थी रूपांचे पाच प्रकार सांगितले, पण त्याच वेळी परस्परसन्मान आणि स्वतःची अभिव्यक्ती ही त्यांची पायाभूत तत्त्वे मानली.

यातून अध्यापनाची दिशा स्पष्ट होते. अध्येत्याला नियमांची यादी न देता निवडीचे परिणाम दाखवले पाहिजेत. 'यो' वापरू नका असे सांगण्यापेक्षा 'यो' वापरल्यास काय ऐकू जाते हे सांगावे. सर्व जाणून एखाद्याने थेट नकार देण्याचे ठरवले तर तो त्याचा अधिकार आहे. अजाणतेपणी दिलेला थेट नकार मात्र त्याने निवडलेलाच नसतो. व्यवहारार्थाचे शिक्षण अध्येत्याचे स्वातंत्र्य हिरावून घेत नाही, ते त्याला प्रथमच उपलब्ध करून देते.

वर्गातील उपयोजन

प्रचलित पाठ्यपुस्तक न बदलताही काही गोष्टी करता येतील. पाठातील प्रत्येक संवाद पात्रांचे नाते बदलून, म्हणजे मित्र, प्राध्यापक, अनोळखी ग्राहक अशा तीन जोड्यांत पुन्हा बोलून घ्यावा. विद्यार्थ्यांनी प्रथम स्वतःच्या मराठी बोलण्यातील नकार, आभार आणि हुंकार यांची नोंद करून मग जपानी संवादाशी तुलना करावी. 'तुम्हाला उगाच त्रास दिला' असे म्हणून आभार मानणाऱ्या मराठी माणसाला 'सुमिमासेन' हा क्षमायाचनेचा शब्द आभारासाठी का वापरतात, हे वेगळे समजावण्याची गरज उरत नाही. अंतर्गत मूल्यमापनात थोडे गुण तरी प्रसंगनिष्ठ तोंडी परीक्षेसाठी राखावेत. आणि चूक झाल्यास केवळ 'चूक' असे न म्हणता ते वाक्य ऐकणाऱ्याला कसे लागले, हे शिक्षकाने सांगावे. समाजात ते कोणी सांगणार नाही. ते सांगण्याची एकमेव सुरक्षित जागा वर्ग हीच आहे.

समारोप

जपानीचे अध्यापन आजवर प्रामुख्याने वाक्याला प्रमाण मानून झाले. वाक्य आवश्यक आहेच, पण संभाषण हे वाक्यांची बेरीज नसते. मराठी भाषकाजवळ 'ना', 'बघतो', 'आम्ही-आपण', 'करून देणे' आणि 'हुंकार' अशी व्यवहारार्थाची भरीव शिदोरी आहे. तिच्याकडे दुर्लक्ष केले तर अध्येता कोशावर विसंबतो. तिच्यावर पूर्ण भिस्त ठेवली तर तो साम्याच्या सापळ्यात सापडतो. या दोहोंमधील वाट दाखवणारा शिक्षक दोन्ही भाषांचा जाणकार असावा लागतो, आणि म्हणून जपानीच्या शिक्षक-प्रशिक्षणात मराठीच्या अभ्यासालाही स्थान असले पाहिजे. प्रारंभीच्या प्रसंगातील विद्यार्थ्याला कॉफीचे वाक्य येत होते. ते कोणाला, कसे विचारावे हे शिकवण्याची जबाबदारी त्याच्या शिक्षकांची होती.